निरोपाचं ठरलेलं वाक्य

रेणापूरच्या आमच्या हायस्कुलात भूगोल शिकवणारे एक सर आहेत. स्टाफरूममध्ये काहीही विचारा, उत्तर एकच, "बघू." पण दहावीच्या निरोप समारंभात शेवटचं भाषण दरवर्षी त्यांचंच असतं. "उद्यापासून ही बाकं रिकामी दिसतील," एवढं म्हणून ते थांबतात, चष्मा काढतात आणि रुमालानं डोळे टिपतात. लगेच आईच्या साड्या नेसून आलेल्या पोरी हुंदके द्यायला लागतात. सर मात्र तोवर चिवड्याच्या प्लेटीकडे वळलेले असतात. त्यांचे डोळे खरंच ओले झालेले मी कधी पाहिले नाहीत.

यंदाच्या पोरांना थोरल्या भावंडांनी हे सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. वाक्य संपवून सरांनी चष्म्याला हात लावला, तोच अख्ख्या वर्गानं रुमाल काढून डोळ्यांना लावले आणि मोठ्यानं गळा काढला. हेडमास्तरही हसले. मी तोंडाला पदर लावला.

सरांनी चष्मा तसाच राहू दिला. "रुमाल काढलेच हायत तर उद्या सकाळी बी घेऊन या. बाकं लई घाण करून ठेवलाव, पुसून जा."

दुसऱ्या दिवशी सगळे आले. कर्कटकानं कोरलेली आपापली नावं घासता घासता त्यांची बडबड थांबली. आधी एक पोरगी मुसमुसली. मग काल सगळ्यात मोठ्यानं ओरडलेला पोरगा.

सर दारात उरलेला चिवडा खात उभे होते.

"पाणी बेतानं," ते म्हणाले. "लाकूड फुगतंय."