मलाही हाच त्रास

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. एकदा आईजवळ सुरुवात केली होती — "आई, दौंडची ती वैशाली..." — आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून थांबले, असं स्वतःला सांगितलं. शिट्टी झाली नसती तरी थांबलेच असते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढं तोंड उघडतेय. यातही भित्रेपणाच आहे, कळतं मला.

दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. मी चोवीस वर्षांची. निमोण्याहून रोज एसटीनं शिरूरला यायची आणि एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. दुपारी एक ते तीन बॅच नसायची. सर जेवायला घरी जायचे. सहा कॉम्प्युटरपैकी एकालाच इंटरनेट होतं, तो दोन तास माझा. तेव्हा ती एक साइट फार जोरात होती. आपला फोटो लावायचा, मैत्रीची विनंती पाठवायची, एकमेकींच्या पानावर दोन ओळी लिहायच्या. त्या ओळींना स्क्रॅप म्हणायचे. भाषा मराठीच, अक्षरं इंग्रजी.

मला क्रोशाचा नाद. तिथं क्रोशाच्या विणकामाचा एक मराठी ग्रुप सापडला. चाळीस-पन्नास जणी असतील. रुमाल, तोरणं, टीव्हीवर टाकायच्या झालरी, सगळ्याचे फोटो. पण खरं सांगू? टाक्यांचं बोलणं पाच मिनिटं, पुढं नुसती दुखणी. कंबर, गुडघे, थायरॉईड, पित्त. नाशिकच्या एक काकू रोज आपलं बीपी लिहायच्या आणि खाली पाच-सहा जणी लगेच — काळजी घ्या काकू, मीठ कमी करा काकू.

मला काहीच दुखत नव्हतं. हसू येईल तुम्हाला, पण मला त्याचं वाईट वाटायचं.

एकदा महिनाभर खपून मी एक गोल रुमाल विणला, अननसाच्या नक्षीचा. फोटो टाकला. दोन दिवस वाट पाहिली. एकीनंही काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी दौंडच्या वैशालीनं लिहिलं की सकाळी उठल्यावर तासभर तिची बोटं मिटत नाहीत, दहा वाजेपर्यंत सुई धरता येत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितलाय. वय तेवीस. शेवटी लिहिलं होतं — पण विणायला बसलं की दुखणं इसरते मी.

तिच्याखाली वीस-पंचवीस जणींनी लिहिलं. माझा रुमाल खाली खाली सरकत गेला.

आणि मी लिहिलं — मलाही हाच त्रास आहे.

का लिहिलं? इतक्या वर्षांत मला नीट उत्तर सापडलेलं नाही. मत्सर म्हणावा, तर तिच्या दुखण्याचा मत्सर कोण करतं? एकटेपणा म्हणावा, तर घरात आठ माणसं होती. पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं. 'खरंच? मला वाटलं या वयात मी एकटीच हाय.' त्या ओळीनं मला जे सुख झालं, ते मी विसरू शकत नाही. लाज वाटते ती त्या सुखाची.

मग रोजच सुरू झालं. ती वडिलांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायची आणि नव्या बाळांसाठी टोपरी-स्वेटर विणून द्यायची. नेटसाठी दुपारी सायबर कॅफेत यायची. बाजारपेठेत कोणता दोरा चांगला मिळतो, कोणती नक्षी सोपी, भावाचं लग्न कसं जमत नाहीये, सगळं लिहायची. आणि हातांचं. आज डावा अंगठा, आज मनगट. मीही लिहायची. आधी इंटरनेटवर लक्षणं वाचायची आणि मग आपली म्हणून लिहायची. तिनं एकदा पोस्टानं पुडकं पाठवलं. क्रोशाच्या दोन सुया, मुठीला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून जाड केलेल्या. 'अशी धरली की बोटावर जोर येत न्हाई, बघ वापरून.' दुखऱ्या हातांनी गुंडाळल्या होत्या तिनं त्या. माझ्या धडधाकट हातांसाठी.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं — नाही का?

वर्षभर हे चाललं. मग माझं लग्न ठरवायचं घरात घाटू लागलं, आणि त्याच महिन्यात माझी मामेबहीण त्या साइटवर आली. माझं पान कुणीही उघडून वाचावं असं. तिथं संधिवातच संधिवात. उद्या पाहुण्यांच्या कानावर गेलं तर? मी घाबरले. जुने स्क्रॅप पुसून टाकता आले असते, पण वैशाली रोज नवे लिहायची, 'आज हात कसा हाय?' तिला थांबवायचं, तर मला बरं व्हायलाच पाहिजे होतं.

म्हणून मी बरी झाले. एका दुपारी, दहा ओळींत.

गावाकडच्या एका वैद्यांचा काढा घेतला, लिहिलं मी. असा कुणी वैद्य नव्हता. गुळवेल, सुंठ, एरंडाचं मूळ — येतील ती नावं लिहिली. पथ्य कडक, आंबट बंद, लिंबाचा थेंबसुद्धा नाही. इथवर थांबले असते, तर कदाचित एवढं झालं नसतं. पण वाचून पाहिलं तर ते लंगडं वाटलं, खरं वाटेना. मग मी आणखी एक ओळ जोडली — आणि डॉक्टरच्या गोळ्या बंद केल्या.

तिनं विचारलं होतं. हे मला सांगितलंच पाहिजे — तिनं विचारलं होतं. 'गोळ्या पूर्ण बंद? डॉक्टर रागावले न्हाईत? मला तर गोळ्यांनी मळमळतं, केस गळायलेत. पण भीती वाटती.' ती भीती तिला वाचवणार होती. मी तिला काय लिहिलं? 'गोळ्यांनीच माझी वाट लागली होती.' बोटं अडखळलीसुद्धा नाहीत. सर जेवून परत यायची वेळ झाली होती, मला खिडकी बंद करायची घाई होती.

तिनं गोळ्या सोडल्या. पहिल्या महिन्यात मळमळ थांबली, तेव्हा तिनं लिहिलं — तू देवासारखी भेटलीस. पुढं तिचं येणं कमी झालं. माझी सोयरीक जुळली, लग्न झालं, मी शिरूरला सासरी आले, नोकरी चालू राहिली. तिचं पान मी उघडायची नाही. उघडून काय दिसेल, हे मला माहीत नव्हतं असं म्हणू नका. माहीत होतं.

आठ-नऊ महिन्यांनी स्क्रॅप आला. 'वैशालीची वहिनी लिहितेय. तिला आता टाईप करता येत नाही. तुमची आठवण काढते. एकदा येऊन जा.'

मी सांगायला म्हणूनच गेले होते. शपथ घेत नाही, पण बसमध्ये न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत वाक्यं जुळवत होते. चौफुल्याला गाडी बदलली तेव्हा पहिलं वाक्य पाठ झालं होतं — वैशाली, मला कधीच काही झालं नव्हतं.

क्वार्टर सापडलं. तिची आई दारातच उभी होती. "ये बाई, ये. रोज तुझंच नाव घेती ही." आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली कॉटवर वैशाली. फोटोपेक्षा बारीक झालेली. उठायला लागली तर मी पळत जाऊन तिला बसवलं. तिच्या हातांकडं मी आधी पाहिलंच नाही. मग पाहिलं. बोटं बाहेरच्या बाजूला कलली होती, मधल्या पेरांत आत वाकून राहिलेली. वाऱ्यानं पिकाची ओळ एका अंगाला झुकावी तशी.

"आता पुण्याच्या गोळ्या परत चालू केल्यात," ती म्हणाली. "दुखणं थांबलंय बघ. पर वाकलेली सरळ व्हायची न्हाईत म्हणं. सुई धरत न्हाई आता."

आणि मग म्हणाली, "तुझे हात बघू."

मी पुढं केले. तिनं आपल्या वाकड्या बोटांनी माझं एकेक बोट चाचपलं, मिटवून पाहिलं, उघडून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? आनंद होता. निखळ.

"किती सरळ हायत गं! सूज कुठंच न्हाई. आई, हे बघ तरी."

आईनं पाहिलं. "नशीबवान हायस बाई," म्हणाली आणि पोह्यांची ताटली पुढं ठेवली. "तुझं पथ्य असंल म्हणून लिंबू पिळलं न्हाई."

मी ते पोहे खाल्ले. सगळे खाल्ले.

मग वैशाली हळूच म्हणाली, "माझंच पथ्य मोडलं. दादाच्या लग्नात कोशिंबिरीत लिंबू हुतं. दोन घास खाल्ले आन् मग कळलं." माझ्याकडं पाहून तिनं विचारलं, "त्यानंच झालं असंल न्हवं?"

आता येते ती गोष्ट. इतका वेळ मी तिच्याभोवती फिरतेय, कळलं असेल तुम्हाला. खोटा आजार सांगितला, खोटा गुण सांगितला — ते सगळं मी पडद्याआड बसून केलं, तिचा चेहरा न बघता. इथं ती समोर होती. माझा हात अजून तिच्या हातात होता. बसमध्ये पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. ती स्वतःचा दोष शोधत होती आणि मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द.

मी म्हणाले, "असंल. लिंबू लई वाईट."

तिनं मान हलवली. "व्हय. तू सांगितलं हुतंस की आधीच." आईनं पदरानं डोळे पुसले आणि पोरीला हलकंच रागावली, "तरी सांगत हुते, जिभेला आवर म्हणून."

मी अर्ध्या तासात निघाले. शेवटची गाडी चुकेल म्हणून सांगितलं. शेवटच्या गाडीला अजून दोन तास होते.

पुढं सांगण्यासारखं थोडंच आहे. वैशालीनं लग्न केलं नाही. आता ती दौंडमध्येच मुलींना क्रोशा शिकवते. तोंडानं सांगते, मुली विणतात. तिची नजर एवढी पक्की की सुटलेला टाका लांबून ओळखते म्हणे. हे मला तीच फोनवर सांगते. दर महिन्या-दोन महिन्यांनी तिचा फोन येतो. माझ्या मुलांची नावं तिला पाठ आहेत. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला तिनं आपल्या शिष्यांकडून फ्रॉक विणून घेतला, तो मी मुलीला घातला, फोटो काढला आणि तिला पाठवला.

गेल्या वर्षी तिनं विचारलं, "तुझा तरास परत तर न्हाई ना उलटला?"

मी म्हणाले, "नाही गं. बरी आहे मी."

ती म्हणाली, "जप. एक तरी सुटली आपल्यातली."