टिटवीने आखलेली हद्द

सायसमोनमावशी एकसष्टीची. विहाराच्या दाराशी तिचं नूडल्सचं दुकान. सकाळी रस्सा चुलीवर चढवायचा आणि तो उकळेपर्यंत मेकाँग नदीवर जाऊन, पाणी मोजायच्या खुंटावर ते कुठवर आलंय बघून यायचं, हा तिचा एकवीस वर्षांचा नेम. आमच्या नदी-राखण मंडळात आम्ही सात बायका, पण गाव ऐकायचं ते मावशीचं.

नदी उतरली की वाळूची बेटं उघडी पडतात. टिटवीच्या सगळ्यांत खालच्या घरट्याखाली भुईमूग लावायचा नाही, हे मावशीनेच गावाला शिकवलेलं. पाणी कुठवर चढणार हे टिटवीला आधी कळतं. घरट्यांपासून दहा पावलं सोडून कुदळ चालवायची. अंडीही वाचतात, पीकही.

यंदा नदी निळीशार झाली. तळातला दगडन्‌दगड दिसावा इतकी. नदीतलं खायचं शेवाळ अमाप आलं. आम्ही ते तीळ लावून वाळवत होतो, खुशीत होतो. मावशीने तोंडातही घातलं नाही.

"गाळ कुठं अडलाय, ते विचारा आधी," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात खुंटावर पाणी रात्रीत दोन हात चढलं आणि सकाळी उतरलं. पाऊस नाही, ढग नाही. वर, सरहद्दीपलीकडे, धरणांचे दरवाजे कोण कधी उघडतं ते आम्हांला कोण सांगणार?

टिटव्यांनी मात्र अंडी पार खाली, पाण्याच्या कडेला घातली. तेवढ्या खालपर्यंत भुईमूग लावायला गाव कुदळी घेऊन निघालं. मावशीने विहाराच्या फळ्यावर लिहिलं: यंदा टिटवीचं ऐकू नका.

शेजारचा खामसेन दुकानात येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, एकवीस वर्षं पाखरांना विचारा म्हणालीस. आता पाखरं खोटी अन्‌ तू खरी?"

"मीही खोटीच ठरले की रे. म्हणून तर लिहिलं."

"रश्शात मीठ तरी बघून टाकतेस ना?"

लोक हसले. तीही हसली, त्याच्या वाडग्यात मांसाचे दोन गोळे जास्त घातले. "वर लाव, बाबा. ऐक एवढं."

वर लावला तो तिने आणि मी. बाकी सगळ्यांनी खाली.

चार आठवड्यांनी, रोपांना पिवळी फुलं धरली असताना, भर दुपारी, लख्ख उन्हात पाणी चढायला लागलं. आवाज नाही, फेस नाही. माणसं धावली, पण फुलावरचा भुईमूग उपटून करायचं काय? कमरेइतक्या पाण्यात सगळे नुसते उभे राहिले. टिटव्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होत्या; खाली त्यांचं काही उरलं नव्हतं.

खामसेन ओल्या कपड्यांनी मावशीजवळ आला. टोमणा नव्हता आता.

"मावशी, पुढच्या साली कुणाला विचारायचं?"

मावशी खुंटाकडे बघत होती. पाणी अजून चढतच होतं.