स्टाफखालची चप्पल

सिव्हिलवाल्यांनो, लेव्हलिंग, म्हणजे जमिनीचा चढ-उतार मोजणं, एकट्याने होत नाही. एकाने आकड्यांची उंच पट्टी, म्हणजे स्टाफ धरायचा, दुसऱ्याने लांबून दुर्बिणीतून वाचायचा.

आमचा चौघांचा प्रोजेक्ट आहे: सायवनच्या विहिरीचं पाणी उतारानेच आमच्या पाड्यापर्यंत येईल का? आज बाकी तिघं येणार होती. सकाळी मेसेज आला, ‘तुझंच गाव आहे, तू उरकून घे.’

शेवटी शेजारच्या लाडकीकाकूंनी तीन तास उन्हात स्टाफ धरला. मोजणी संपल्यावर जवळ गेले, तर स्टाफच्या खाली त्यांची चप्पल, आणि एक पाय अनवाणी.

“कॉलेजची वस्तू, शेणामातीत कशी टेकवू?”

सगळे आकडे गेले असं वाटलं.

“दर वेळी ठेवली होती?”

“मग? एकदा पण नाय चुकवली.”

म्हणजे प्रत्येक आकड्यात चपलेची जाडी सारखीच. दोन जागांच्या आकड्यांची वजाबाकी केली की ती निघून जाते. उतार बरोबर आला, पाणी येईल.

ग्रुपवर टाकलं. तिघांनी नुसतं वाचलं.

“तुझ्या जोडीची पोरं?” काकूंनी विचारलं.

“गाडी चुकली त्यांची. येतील.”

काकूंनी चप्पल झटकून पायात घातली. “मग थांबू का त्यांच्यासाठी?”

तुम्ही काय सांगितलं असतं?