ज्या घरात मला बसवलं

ही गोष्ट सांगायची मी पंधरा-सोळा वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही. निवृत्तीच्या समारंभात एकाने माझ्याबद्दल "गोरगरिबांचे गुरुजी" असे शब्द वापरले, तेव्हा मी हात जोडून खाली बसलो आणि शाल घेतली. ती शाल अजून कपाटात आहे. तिला हात लावला की संताप येतो, आणि तो बोलणाऱ्यावर येत नाही. त्या बिचाऱ्याला काय माहीत.

ज्या बाईची ही गोष्ट, ती या आषाढात गेली. आता टाळायला कारण उरलं नाही.

मी मूळचा महाडचा. नोकरीची शेवटची वर्षं पोलादपूर तालुक्यात काढली, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावच्या शाळेत. निवडणूक असो, जनगणना असो, गुरं मोजायची असोत, काम मास्तरांच्या गळ्यात. तशीच एकदा गरीब कुटुंबांची पाहणी आली. घरोघर जायचं, फॉर्म भरायचा, त्यावरून यादी होणार आणि यादीत नाव असेल त्याला घरकुल, स्वस्त धान्य, जे काय सरकार देईल ते. मला गावाच्या डोक्यावरची एक वाडी दिली होती. तासाभराचा चढ. वाडीत पस्तीसेक घरं, पण निम्म्यांना कुलपं. माणसं मुंबईला. शिमग्याला आणि गणपतीत येणार, दहा दिवस घरं उघडणार, पुन्हा कुलपं लागणार.

त्यातल्या काही कुलपांच्या चाव्या एका म्हातारीकडे असायच्या. नवरा मुंबईत एका हॉटेलात कामाला होता, तिकडेच वारला. मूलबाळ नव्हतं. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल, पण सगळी वाडी तिला आजी म्हणायची. सात घरांच्या चाव्या तिच्या कमरेला. रोज संध्याकाळी सातही घरांत देवापुढे दिवा लावायचा, पावसाची उघडीप मिळाली की खिडक्या उघडून ओल काढायची, झाडलोट करायची. बदल्यात मुंबईकर मंडळी गणपतीत लुगडं द्यायची, तांदूळ द्यायची. अट एकच. घरात कोणी बसायचं नाही, वापरायचं नाही.

यातलं काहीही मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं, हे मी स्वतःची बाजू म्हणून सांगतो आहे. फार टिकणारी बाजू नाही ती.

वाडीतला एक शेतकरी मला वाट दाखवायला बरोबर होता. आम्ही आलेले पाहताच आजीने लगबगीने एक घर उघडलं. लादी घातलेली, भिंतींना रंग, कोपऱ्यात टीव्ही, त्याच्या बाजूला उभा फ्रीज. तिने पदराने खुर्ची पुसली. शेजारणीने चहा आणला, कोणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला. त्या डोंगरात साहेब म्हणून वर चढून येणारं माणूस वर्षाला एखादं. त्याला मातीच्या जमिनीवर, शेळीच्या बाजूला बसवणं म्हणजे सबंध वाडीची लाज. मी बसलो. पॅडवर फॉर्म लावला. कुटुंबात माणसं किती? एक. वय? तिने अंदाजे सांगितलं. जमीन? नाही. बाकीच्या रकान्यांसाठी मी तिला विचारलंच नाही. नजर फिरवली आणि लिहिलं. पक्कं घर. टीव्ही आहे. फ्रीज आहे. ज्याच्याकडे फ्रीज तो गरीब नाही, असा त्या फॉर्मचा हिशेब होता.

हे घर तुमचंच का, असा प्रश्न फॉर्मवर छापलेला नव्हता. मीही तो विचारला नाही, कारण चहा पिताना असं विचारणं बरं दिसत नाही.

तसाच पुढच्या घरी गेलो. सगळं आटोपून उतरायला लागलो, पाणवठ्याच्या वळणावर मागे पाहिलं. आजीने ते घर बंद केलं, कुलूप ओढून पाहिलं आणि मागच्या बाजूला, कारवीच्या कुडाचं एक खोपट होतं, त्यात ती वाकून शिरली. छपरावर निळा कागद, त्यावर दगड.

"ती तिकडं कुठे गेली?" मी विचारलं.

"घरी," बरोबरचा शेतकरी म्हणाला.

"मग आपण बसलो ते?"

"ते मुंबैवाल्यांचं. तुमास्नी बसवाया उघडलं."

"अहो, मग तेव्हाच बोलायचं नाही का?"

"तुमी इचारलंत कुठं, गुरुजी? आमाला वाटलं, तुमाला ठाव हाय." थोडं चालल्यावर तो म्हणाला, "खोडा की मग ते. म्हातारीचं नुकसान व्हईल."

फॉर्म माझ्या पिशवीत होता. पेन खिशात होतं. खाडाखोड केली की वरच्या साहेबाची सही घ्यावी लागे, साहेब विचारणार, गुरुजी, घर न बघताच लिहिलंत काय. शिवाय खाली शेवटची एसटी चुकणार होती. मी म्हणालो, "बघू खाली गेल्यावर."

खाली गेल्यावर मी काहीही बघितलं नाही. गठ्ठ्यावर सही केली, "प्रत्येक कुटुंबास समक्ष भेट दिली" असं छापलेलं होतं त्याखाली, आणि गठ्ठा दिला.

तरीही चूक दुरुस्त होऊ शकली असती. यादी ग्रामसभेत वाचून दाखवायची असते, हरकती घ्यायच्या असतात. सभा नेमकी शिमग्याच्या दिवसांत आली, त्यामुळे मुंबईकरही हजर. त्यांच्या मुंबईतल्या मंडळाचा अध्यक्ष पुढच्या खुर्चीवर होता. मी बसलो ते घर त्याचं. देवळाची कौलं त्याच्या शब्दावर, वाडीच्या रस्त्याची खटपट त्याच्या ओळखीवर. यादी वाचून झाली आणि मागे बायकांत बसलेली आजी उभी राहिली.

"माजा नाव नाय वाचला."

ग्रामसेवकाने कागद उलटले. "आजी, तुमच्या नावापुढे पक्कं घर आहे. टीव्ही आहे, फ्रीज आहे."

सभा हसली. "काय गो आजी! आमाला कधी थंड पाणी नाय पाजलंस!" एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, "फ्रीज घेतलास नि पार्टी नाय?" वाडीतले सगळे तिथे होते. प्रत्येकाला तिचं खोपट माहीत होतं. अध्यक्षाचं घर सोडलं तर सबंध वाडीत त्या वेळी फ्रीज नव्हता, हेही प्रत्येकाला माहीत होतं. हसता हसता सगळे अध्यक्षाकडे बघत होते आणि अध्यक्ष हसत नव्हता. त्याच्या लक्षात येत चाललं होतं.

आजीने माझ्याकडे पाहिलं.

त्या नजरेचा अर्थ मला तेव्हाच कळला, आज कळला असं म्हणणार नाही. घर मुंबईकरांचं आहे असं ती बोलली तर ते तिने उघडलं, त्यात माणूस बसवला, हे कबूल होणार. चाव्या जाणार, चाव्यांबरोबर वर्षाचे तांदूळ जाणार. ती बोलू शकत नव्हती. मी बोलू शकत होतो. "मी चुकीच्या घरात बसून फॉर्म भरला, तेव्हा मला कोणी काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही," एवढं उभं राहून म्हणायला अर्धं मिनिट पुरलं असतं. फार तर मला नोटीस आली असती. निवृत्तीला दोन वर्षं होती.

मी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसलो.

"हाय," आजी म्हणाली. "लिवलाय ते खरा हाय. हाय माज्याकडं." आणि खाली बसली. पुन्हा हशा झाला.

त्या हसणाऱ्यांचा मला आजही राग आहे. शेजारच्या म्हातारीच्या तोंडचा घास जातो आहे हे दिसत असताना त्यांना विनोद सुचले. अध्यक्षाचाही राग आहे. स्वतःच्या घराची लादी त्याला ठाऊक होती, "ते माझं घर आहे" एवढे चार शब्द त्याच्याही तोंडात होते. पण हे सगळे राग माझ्या सोयीचे आहेत. चष्मा पुसणाऱ्या माणसाचा राग आला की बाकीचे फिके पडतात.

पुढे काय होतं ते ज्यांनी सरकारी कागद हाताळलेत त्यांना माहीत असेल. यादी एकदा झाली की तिला पोरंबाळं होतात. घरकुल त्या यादीवरून. गॅस त्या यादीवरून. दवाखान्याचं कार्ड त्या यादीवरून. वाडीतल्या ज्याला ज्याला काही मिळालं ते तिथूनच मिळालं, आणि आजीला जे जे मिळालं नाही तेही तिथूनच. ती दोनदा पोलादपूरला तहसीलला जाऊन आली असं मी ऐकलं. खिडकीवरच्या माणसाने पडद्यावर बघून सांगितलं, तुमच्याकडे फ्रीज आहे. पुढच्या खेपेला तिने गाडीभाडंच वाचवलं.

ज्या वर्षी महाड पाण्यात गेलं आणि तळीये गावावर डोंगर आला, त्या वर्षी आमच्याकडे मदतीचा नुसता लोंढा लागला. चांगल्या मनाची माणसं, कुठून कुठून आलेली. मी निवृत्त होऊन महाडला परतलो होतो, घरातला गाळ उपसून झाला होता. एका गटाने विचारलं, "गुरुजी, पोलादपूरच्या वरच्या वाड्यांना ताडपत्र्या आणि चादरी द्यायच्यात. गरजू कोण, कसं ठरवायचं?"

मी म्हणालो, ग्रामपंचायतीत यादी आहे, ती घ्या.

मी म्हणालो हे. दुसऱ्या कोणी नाही. जीभ सरकारी कामाला इतकी सरावलेली की बोलून गेल्यावर आठवलं त्या यादीत काय आहे, आणि आठवल्यावरही मी गप्प राहिलो. त्यांच्याबरोबर मीही गेलो. गाडी वाडीखालच्या वळणावर थांबली. वाडीतले लोक उतरून आले. मी पुढच्या सीटवर बसून होतो, गुडघे दुखतात म्हणून. आरशात आजी दिसली, ओली, डोक्यावर खताच्या रिकाम्या पिशवीची खोळ. वाटप करणाऱ्या बाईने कागद दोनदा पाहिला. "आजी, तुमचं नाव नाही हो यात."

"नसतंच," आजी म्हणाली, आणि बाजूला झाली. भांडली नाही.

वाट दाखवणाऱ्या त्या शेतकऱ्यानेच मग आपल्या वाटणीची ताडपत्री कोयत्याने मधोमध कापली आणि अर्धी तिला दिली. गाडीतून खाली उतरायचं सोडून मी काच वर केली. पाऊस आत येत होता.

गेल्या वर्षी, गणपती झाल्यावर, मी एकदाचा वर गेलो. काठी घेऊन, तीनदा बसत. वाक्य पाठ केलं होतं. शाळेत पोरांना कविता पाठ करायला लावायचो तसं, चढताना प्रत्येक वळणावर एकदा म्हटलं.

आजी अंगणात नाचणी पाखडत होती. पार वाळली होती. कमरेला चाव्या होत्याच. मला ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

"गुरुजी! अगो बाय, गुरुजी आलं!" मग तिची नजर माझ्या खांद्यावरच्या पिशवीवर गेली. "यादी हाय काय परत?"

"नाही आजी. सहज आलो. तुम्हाला भेटायला."

"यादी नाय?"

"नाही."

तिचा चेहरा उतरला तो मी पाहिला. लगेच सावरली. "मंग चला तिकडं. हितं कुठं बसशीला?" आणि जुडगा सोडवत तेच घर उघडायला निघाली.

"आपण इथेच बसू. तुमच्या घरात."

"नको नको. पावना मानूस. यादी असती तर हितंच बसवला असता तुमास्नी, शेळीजवळ!" ती हसली. तोंडात दात नव्हते.

मी त्याच खोलीत त्याच खुर्चीवर बसलो. फ्रीज कधीचाच बंद पडलेला. तिने दार उघडून दाखवलं, आत मालकाच्या गोधड्या घडी करून ठेवल्या होत्या. "उंदीर शिरत नाय," ती म्हणाली. "एवडा मातुर बरा झाला." चहा कोरा होता, गुळाचा. मी वाक्याची सुरुवात दोनदा केली. एकदा म्हणालो, "आजी, ती पाहणी झाली होती ना..." आणि ती मध्येच म्हणाली:

"व्हय. चूक माजीच झाली, गुरुजी. मीच तुमास्नी हितं बसवला. तुमी तरी काय करनार? जा बगितला ता लिवला. तुमाला माज्यापायी उगाच बोल लागला आसंल. मनात ठेवू नका."

ती माझी माफी मागत होती.

खाली रस्त्यावरून घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज येत होता. मी कपातला चहा संपवला. तिने कप विसळला, घराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं. पाणवठ्यापर्यंत मला सोडायला आली. तिथे उभी राहून म्हणाली, "परत यादी निंगाली तर सांगा हां. ह्या खेपेला मी घर उघडायची नाय."

आजी, चूक तुमची नव्हती. मी वळणावरून तुमचं खोपट पाहिलं होतं, पेन खिशात होतं, तरी मी खोडलं नाही. सभेत तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते मला कळलं होतं. मला माफ करा.

हे वाक्य तोंडात तयार होतं. मी "बरं" म्हणालो आणि उतरायला लागलो.