लाल पेनाचा बाण

वहिनीचा फोन आला तेव्हा मी सहावी ‘ब’च्या घटक चाचणीवर सुपरव्हिजन करत होते. शिपाई ऑफिसात बोलवायला आला. फोनवर वहिनी म्हणाली, “ताई, यांच्या हातातनं घड खाली पडला आन् तोंडातनं शब्दच निघंना. गाडीत घातलंय, नाशिकला आणतोय, तुम्ही दवाखान्यात या.” मी बरं म्हटलं, फोन ठेवला, वर्गात परत गेले आणि घंटा होईपर्यंत थांबून पेपर गोळा केले. अडतीस होते. दोनदा मोजले. सख्खा भाऊ दवाखान्याच्या वाटेवर आणि बाई पेपर मोजतायत! तिसऱ्या दिवशी दुपारी दादा गेला. त्याला आता पाच आठवडे झाले. परवापर्यंत मला धड रडू आलेलं नव्हतं. भाजी चिरत होते, बस पकडत होते, फळ्यावर अपूर्णांक शिकवत होते... सगळं होत होतं, फक्त आत काही हलत नव्हतं.

दादा म्हणजे दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार. शिकला दहावीपर्यंत, पण हिशेब दिवसांचा असेल तर माझ्यासारख्या गणिताच्या बाईला खिशात घालायचा. द्राक्षवाल्यांच्या घरात तारखा चालत नाहीत, छाटणीपासूनचे दिवस चालतात. वर्षात दोन छाटण्या, एप्रिलला आणि ऑक्टोबरला. छाटणी झाली तो पहिला दिवस, मग कितव्या दिवशी जादा मण्यांची विरळणी, कितव्या दिवशी घड औषधात बुडवायचे, सगळं त्या आकड्यावर. दाराआडच्या कॅलेंडरवर प्रत्येक चौकोनात त्याचा निळा आकडा असायचा. आजूबाजूची पोरं सकाळी फोन करायची, “भाऊ, आज पस्तिसावा हाय, बाग तर हिरवीगार दिसती, दोन दिवसांनी मारलं औषध तर चालंल का?” हा इकडून करवादायचा, “झाड हिरवं दिसतंय म्हनून दिवस चुकवायचा नाय! दिसायला लागल्यावर काय उपेग?” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते आता मला नको झालंय.

गेल्या वर्षी, दोन हजार पाचच्या पावसाळ्यात त्याची डावी पापणी खाली आली. डोकं दुखायचंच, पण ते तो कुणाला सांगायचा नाही. पापणी मात्र लपेना. “बायकांना वाटतं मी डोळा मारतोय,” म्हणून हसायचा. मी त्याला दटावून नाशिकला आणलं, फोटो काढले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा आलाय. त्याला ॲन्युरिझम म्हणतात. फुटला तर माणूस हाती लागत नाही. दादा म्हणाला, “अगं, ठिबकच्या नळीला उन्हानं फुगा येतो ना, तसंच हे.” मुंबईच्या डॉक्टरांनी कवटी न उघडता जांघेतून बारीक तार वर नेली, फुग्यात तारेची वेटोळी भरली आणि ती बाहेर सरकू नयेत म्हणून नळीच्या आत जाळीचा स्टेन्ट बसवला. चौथ्या दिवशी दादा वॉर्डातल्या नर्सला द्राक्षाच्या जाती समजावून सांगत होता.

घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. “काम निम्मंच झालंय. सहा महिन्यांनी परत फोटो काढायचा. रक्त पातळ ठेवायच्या या गोळ्या तोपर्यंत रोज, आणि फोटो पाहिल्यावर काय बंद करायचं ते मीच सांगणार. यांच्याकडे लक्ष कोण देणार?” मी वर्गात हात वर करतात तसा हात वर केला. “मी.” कागदावर माझा नंबर लिहून दिला. दादा हसला, “आता मास्तरीणबाई रोज हजेरी घेनार माझी!”

आणि घेतलीही, खोटं कशाला बोलू. ऑक्टोबरच्या छाटणीत कात्री अंगठ्याला लागली आणि रक्त थांबेचना. वहिनी घाबरली. मी मुंबईला फोन लावला, डॉक्टर म्हणाले घट्ट बांधा, गोळी चालू ठेवा. त्यानं ठेवली. चहाबरोबर गोळी आणि मग बाग, हे त्याला पाठ झालं. पापणीही हळूहळू वर आली. माणूस पहिल्यासारखा दिसायला लागला... आणि तिथंच माझी हजेरी ढिली पडली.

फेब्रुवारीत मुंबईहून तारखेची आठवण करणारा फोन मलाच आला. रविवारी मी दिंडोरीला गेले. बागेचा खुडा चालू होता, घड उतरत होते, शेडमध्ये क्रेटवर क्रेट, बाहेर माल न्यायला गाडी लागलेली. मी म्हटलं, “दादा, पुढच्या आठवड्यात मुंबई.” तो म्हणाला, “मंदे, एवढा माल उतरू दे. बाहेरदेशी जानारा माल हाय, एक दिवस हललो तर बोंब होईल. मार्चात जाऊ, तुझ्या गळ्याशप्पथ.” मी त्याच्याकडे नीट पाहिलं. दोन्ही डोळे सारखे उघडे, गालावर ऊन, आवाज खणखणीत. मला वाटलं, महिन्यानं काय बिघडतंय? मलाही शाळेत रजा मागायचा कंटाळाच होता, हेही सांगून टाकते. “बरं, मग कॅलेंडरवर लिही,” म्हटलं. त्यानं द्राक्षाच्या रसानं चिकट झालेले हात दाखवले. “तूच लिही गं.” पेपर तपासायचं लाल पेन माझ्या पर्समध्ये कायमच असतं. फेब्रुवारीच्या पानावर त्यानं निळ्यानं ‘मुंबई’ लिहिलं होतं, तिथून मी बाण ओढला, पान उलटलं आणि मार्चच्या बावीस तारखेत लिहिलं, ‘मुंबई, नक्की’. तेरा तारखेलाच तो गेला.

तेराव्यानंतर वहिनीनं सांगितलं की गोळ्या त्यानं फेब्रुवारीतच बंद केल्या होत्या. सहा महिन्यांच्या होत्या, संपल्या. तिनं विचारलं तर म्हणाला, “माल तयार झाल्यावर कोन औषध मारतं का? खुड्याच्या आधी फवारनी बंदच करायची असती, नायतर औषधाचा अंश राहतो.” आयुष्यभर बागेचं जे खरं, ते त्यानं स्वतःच्या अंगालाही लावलं! आणि मी त्या दिवशी तारीख विचारली, गोळी विचारलीच नाही. मुंबईच्या डॉक्टरांना फोन करून नाशिकचा रिपोर्ट वाचून दाखवला. नाशिकच्या फोटोत दिसलं होतं की फुगा फुटलाच नव्हता. जाळीच्या आत रक्ताची गाठ धरून नळीच तुंबली होती. “आतून अरुंद होत आली असणार. सहा महिन्यांच्या फोटोत कळलं असतं, गोळी चालूच ठेवली असती,” एवढंच बोलले. माझी काय चूक झाली ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी सांगायची, “ताईंनी लय सांगितलं, पन यांनीच पुढं ढकललं.” आणि मी खाली मान घालून ते ऐकून घ्यायचे. पाच आठवडे ऐकून घेतलं.

परवा एप्रिलची छाटणी सुरू झाली. मी गेले तेव्हा वहिनी कॅलेंडरसमोर उभी होती. मार्चचं पान तसंच होतं. “आज पहिला दिवस. लिहायचा राहिलाय. पेन हाय का ताई?” मी पर्स उघडली, लाल पेन हातात घेतलं. म्हटलं, “वहिनी, फेब्रुवारीच्या पानावरचा तो बाण माझा आहे. दादानं नाही, मीच पुढं ढकललं.”

वहिनी म्हणाली, “मला पहिल्यापास्नं ठाऊक हाय. या घरात लाल पेन दुसऱ्या कुनाकडं असतं?”

मग तिनं माझ्या हातातून पेन घेतलं, मार्चचं पान उलटलं, चौकोनात एकचा आकडा काढला आणि पेन कॅलेंडरच्या दोरीला अडकवून ठेवलं. बाहेर बागेत कात्र्या चालू झाल्या होत्या. मी दाराला टेकून खाली बसले. वहिनी चहा टाकायला आत गेली तेव्हा कुठं मला रडू आलं.