घरात कोण हाय का?

ओसाड घराच्या दाराशी चपला काढून आतून उत्तर येण्याची वाट बघणारा माणूस उभ्या भोर-वेल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका आमचा विभागप्रमुख निघाला. भोरच्या कॉलेजात सर भूगोल शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. सर शिवऱ्याच्या शेतकरी घरातले. पुस्तकी मराठी फक्त फळ्यावर, तोंड उघडलं की शिवरे. नॉर्वेतल्या एका विद्यापीठाशी आमच्या कॉलेजचा करार झाला तेव्हा इंग्रजीच्या धास्तीने प्राचार्यांना घाम फुटला होता. सरांनी मात्र पहिल्याच तासाला पडद्यावरच्या गोऱ्या पोरांना विचारलं, "जेवला का?" आणि भाषांतर माझ्या गळ्यात टाकून ते खिशातल्या शेंगा फोडत बसले. तिकडे वाटलं, हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. पुढच्या तासाला सगळे आपापला नाश्ता सविस्तर सांगायला लागले. करारात 'सहयोगी अध्ययन समुदाय' असे भारदस्त शब्द होते, त्यांचा उलगडा सरांनी एका वाक्यात केला. "सावड हाय ही. आज तुमच्या रानात आमी राबायचं, उद्या आमच्या रानात तुमी." मग इथला एक आणि तिथला एक अशा जोड्या लागल्या. विषय होता माणसं सोडून गेलेल्या वस्त्यांचा, आमच्याकडे वेल्ह्याच्या डोंगरातल्या आणि त्यांच्याकडे समुद्रकाठच्या.

हजेरीची सरांची तऱ्हा न्यारी होती. नाव पुकारलं की खिडकीतून काय दिसतं ते सांगायचं. आमच्याकडे दुपारचं रखरखीत ऊन असायचं आणि हिवाळ्यात त्यांच्याकडे सकाळ उलटून चालली तरी खिडकीत काळोख. पहिला मान तिकडच्या प्राध्यापक बाईंचा. बाई सरांच्याच वयाच्या, आणि नंबर एकच्या कुरकुऱ्या. शेजाऱ्याने कचऱ्याचा डबा पुन्हा आपल्या फाटकाशी लावलाय, हे त्या इतक्या पोटतिडकीने सांगायच्या की तो शेजारी आमच्याही वर्गात बदनाम झाला. त्यावर सर आपल्या शेजाऱ्याच्या म्हशीची कागाळी करायचे. बाईंच्या मागे किटली खदखदत असायची. दोघं कधी भेटले नव्हते, पण एकमेकांचे शेजारी त्यांना तोंडपाठ होते.

एकदा आम्ही वेल्ह्याच्या वर डोंगरात, माणसं उठून गेलेल्या एका वस्तीवर गेलो. तिकडच्या वर्गाला दिसावं म्हणून मी मोबाईल धरून चाललो होतो. छप्पर बसलेल्या एका घरापुढे सरांनी चपला काढल्या आणि हाक दिली, "घरात कोण हाय का?" पोरं हसली. सर उत्तराची वाट बघत उभे राहिले, मग म्हणाले, "मोकळं घर असलं तरी इचारून जावं." आत शिरणार तोच मोबाईलमधून बाईंचा आवाज आला. त्यांना आतून कुणीतरी काहीतरी म्हटलेलं ऐकू आलं होतं, त्याचा अर्थ काय, असं त्या विचारत होत्या. ऐकलं तसं त्यांनी म्हणून दाखवलं, "व्हय." आमच्यापैकी कुणालाही काही ऐकू आलं नव्हतं. सर दारातूनच मागे फिरले. तेव्हापासून बाई हजेरीला "व्हय" म्हणायला लागल्या. बाकीचे हसायचे, माझ्या मात्र अंगावर काटा यायचा.

पुढे बाईंचा कॅमेरा बंद झाला. तब्येत बरी नाही, एवढंच कळलं. पडद्यावर त्यांच्या नावाचा काळा चौकोन असायचा आणि सर विचारायचे, "बाई, काय दिसतंय?" उत्तर लिहून यायचं. बर्फ सुंदर पडतोय. आकाशात हिरवा प्रकाश आहे. मागे किटलीचा आवाज होताच. अशात तिकडच्या मारित नावाच्या मुलीने मला एकट्याला फोन करून सांगितलं की बाई गेल्या, जाऊन बरेच दिवस झाले. मुलांनी मिळून ठरवलं होतं, म्हाताऱ्या सरांना धक्का नको. बाईंच्या खोलीत त्यांचाच संगणक लावून मुलं पाळीपाळीने खिडकीशी बसत होती. सरांची निवृत्ती तोंडावर आली होती, आता कशाला सांगायचं, असा तिचा प्रश्न होता. मी सरांना काही सांगितलं नाही. पण दर तासाला सर त्या चौकोनाकडे बघून म्हशीची कागाळी करायला लागले की मी पडद्यावरून नजर काढून घ्यायचो.

शेवटी किकवीच्या थांब्यावर ST ची वाट बघता बघता सरांनीच विषय काढला. "बाई गेल्या न्हवं?"

मी चाचरत विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्या खिडकीतनं एकदम सगळं सुंदर दिसाया लागलं. डबा न्हाई, शेजारी न्हाई. बाई असं बोलतील व्हय?"

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"पोरं लई मायेनं लिवत्यात. ती आपल्यासाठी बाईंची पाळी करत्यात, आपण त्यांच्यासाठी काय म्हाईत नसल्यागत इचारायचं. ही बी सावडच." मग म्हणाले, "फकस्त एक इचारा तिला. किटली कोण लावतंय?"

मी मारितला विचारलं. ती म्हणाली, "आम्ही माईक कधी सुरूच करत नाही. आणि किटली तर बाईंची बहीण केव्हाच घेऊन गेली." सरांना हे सांगितलं तेव्हा ते नुसते हसले. पण डोळे पाणावले होते. शेवटच्या तासाला त्यांनी सगळ्यांची हजेरी घेतली, बाईंना शेजाऱ्याने म्हैस विकल्याची बातमी दिली आणि पडद्यापुढे चपला काढून हात जोडले.

आता वर्ग मी घेतो. सर शिवऱ्याला असतात, फोन केला की आधी जेवला का विचारतात आणि मग बाईंची चौकशी करतात. सरांची मला फार आठवण येते. तिकडची मुलं बदलली, तरी तो चौकोन कुणी काढलेला नाही आणि मीही काढा म्हटलेलं नाही. तास सुरू करण्याआधी मी चपला काढून टेबलाखाली सरकवतो आणि विचारतो, "बाई, काय दिसतंय?" दोन्हीकडचे वर्ग शांत होतात. किटली खदखदायला लागली की मी पुढचं नाव पुकारतो.