शॉकअपवाले काकासासरे

माणसाच्या बहुतेक सगळ्या दुःखांचे मूळ गाडीच्या बिघडलेल्या शॉकअपमध्ये आहे, असे मनापासून मानणारा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला काकासासरा म्हणून आला. साखरपुड्याला मी ब्राह्मणपुरीत पोचलो तेव्हा बाकीची मंडळी माझे नाक, कपडे आणि चालणे न्याहाळत होती. हे गृहस्थ तडक माझ्या जुन्या व्हॅनच्या मागे गेले. बंपरवर दोन्ही हात टेकवून त्यांनी सगळा भार टाकला आणि एकदम सोडला. गाडी खाली बसली, वर आली, पुन्हा बसली, पुन्हा वर आली आणि बराच वेळ मान डोलवत राहिली. मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले आणि आजाऱ्याच्या उशाशी बोलावे तशा आवाजात म्हणाले, "पाव्हणा, शॉकअप ग्यात तुमना." रामराम त्यानंतर झाला.

तापीकाठी त्यांच्या केळीच्या बागा. दाराशी सोन्यासारखा दिसणारा घड बाजारात पोचेपर्यंत खड्ड्यांनी काळा पडलेला त्यांनी उभा जन्म पाहिला होता, त्याचा हा परिणाम असावा असे घरचे म्हणत. डोकेदुखी, अपचन, नवराबायकोची भांडणे, सगळ्यांचे निदान एकच: "धक्का बठी ऱ्हायना," म्हणजे धक्के बसताहेत. एसटीत पुढची बाके रिकामी असली तरी ते शेवटच्या बाकावर जाऊन बसत, कारण गाडीचा खरा स्वभाव तिथे कळतो. दुसऱ्या एका पुतणीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळे रडत असताना त्यांनी फुलांनी सजवलेली गाडी दाबून पाहिली आणि रडणारी नवरी फिसकन हसली. शववाहिकेलाही त्यांनी सोडले नाही. "अप्पा, आते त्याले काय फरक पडस?" असे कुणीतरी हळूच म्हणाले, तर हे उत्तरले, "मांगे बठेल लोके जित्ता शेत ना?"

माझा नि माझ्या बायकोचा धंदा मधमाश्यांचा. पावसाळा सरला की मोलगीकडच्या डोंगरउतारांवर रामतीळ पिवळाधमक फुलतो. तेव्हा आम्ही सपाटीवरच्या मधपेट्या ट्रॉलीत भरतो आणि ती ट्रॉली व्हॅनच्या मागे जोडून घाट चढतो. पहिल्या वर्षी ही ट्रॉली एका ओळखीच्या वेल्डरकडून आणली होती. त्याने ती विटा वाहायला बनवली होती आणि मधमाश्या म्हणजे विटा नव्हेत हे मला घाट चढून गेल्यावर कळले. पेट्यांचे वजन हुकावर येऊन व्हॅनचे बूड खाली बसले होते, बोनेट आभाळाकडे, आणि मागे ट्रॉली प्रत्येक खड्ड्यावर उडत होती. वर पोचून पेटी उघडली तर आतली पोळी तुटून पडलेली, तळाला मध साचलेला आणि माश्या स्वतःच्याच मधात बुडून मेलेल्या. दुसरी उघडली, तिच्यातही तेच. बायको तिथेच जमिनीवर बसली. माहेरची केळीची बाग सोडून हा उद्योग तिने हट्टाने सुरू केला होता, मला त्यात ओढले होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "उरलेल्या विकून टाकू. माझ्याने नाही होणार हे."

ही बातमी ब्राह्मणपुरीला पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकासासरे न बोलावता दारात हजर झाले. खांद्यावर पिकलेल्या केळ्यांचा घड. पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला म्हणाले, "चाला पाव्हणा, गाडीले दवाखानामा लई जाऊत."

नंदुरबारच्या दुकानदाराने सगळ्यात कडक शॉकअप आमच्यासमोर ठेवले. "हे टाका, गाडीला खड्डा कळणारच नाही." मी मोबाइलवर पाहून ठेवलेल्या लालभडक शॉकअपकडे आशेने बघत होतो. काकांनी दोन्ही बाजूला सारले. "गाडीले नहीं समजाव, पन आत बठेलले समजीच ना!" असे म्हणून त्यांनी दुकानातले सगळ्यात मऊ शॉकअप निवडले. वर व्हॅनच्या मागच्या स्प्रिंगचा एक लोखंडी पाटाही काढून टाकायला लावला.

परीक्षेची पद्धत त्यांची स्वतःची होती. व्हॅनमध्ये आणि ट्रॉलीत केळ्यांच्या फण्या टांगायच्या, कालव्याच्या खडबडीत रस्त्याने एक फेरी मारायची आणि मग एकेक केळे सोलून डाग शोधायचे. सोललेले केळे वाया जाऊ द्यायचे नाही, हा पोटनियम. मऊ शॉकअपवर व्हॅनमधली केळी अगदी गोरीपान उतरली, पण ट्रॉलीतली डागाळली आणि वळणावर ट्रॉलीने व्हॅनला शेपटीला धरून असे काही झुलवले की बायको उतरून बांधाला जाऊन ओकली. घरी आल्यावर काका टोपी काढून म्हणाले, "मन्हं चुकनं, पाव्हणा. मी पायना कराले गऊ, झोका व्हई गया." पाळणा करायला जाऊन झोका झाला होता खरा.

चूक इतक्या सरळपणे कबूल करणारा वडीलधारा माणूस मी आमच्या दोन्ही घराण्यांत दुसरा पाहिलेला नाही. नंतरचे कित्येक दिवस आम्ही शहाद्याच्या एका गॅरेजात आणि केळी खाण्यात घालवले. व्हॅनला मागे काढलेला पाटा परत घालून वर एक जास्तीचा टाकला आणि मध्यम ताकदीचे शॉकअप बसवले. ट्रॉलीचे मात्र उलटे: विटांसाठी घातलेले जाड पाटे कमी केले. जड पेट्या चाकांच्या किंचित पुढे ठेवायच्या, ही सूचना मिस्त्रीची. ट्रॉलीलाही शॉकअप लावा म्हटल्यावर तोच मिस्त्री हसायला लागला. "काका, ट्रॉलीले कोन शॉकअप लावस?" काका म्हणाले, "जिनामा जीव बठस, तिले लावनंच पडी." भंगारातल्या एका मोटारीचे शॉकअप काढून ते ट्रॉलीला लावले गेले, आणि त्या संध्याकाळी सोललेल्या केळ्यांवर एकही डाग निघाला नाही. मिस्त्रीने हसू आवरले आणि केळे खाल्ले.

मग आम्ही उरलेल्या पेट्या घेऊन घाट चढलो. वर पोचल्यावर बायकोने झाकण उघडायच्या आधी पेटीला कान लावला. बराच वेळ ती तशीच वाकून उभी होती. मग बोटाने मला खुणावले. मीही कान लावला. आत एकसारखी, शांत गुणगुण चालली होती. विकायची गोष्ट पुन्हा आमच्या घरात निघाली नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे नुसती व्हॅन घेऊन पेट्या बघायला गेलो. येताना एका पाड्यावर माणसांनी हात करून थांबवले. एक बाई मोळी घेऊन उतरताना घसरली होती, मांडीचे हाड मोडले होते, आणि जीप कुठे दिसत नव्हती. त्यांची बोली आम्हाला अर्धीच कळत होती, पण ते कण्हणे समजायला भाषा लागत नव्हती. गोधड्या अंथरून तिला मागे निजवले. बायकोने तिचे डोके मांडीवर घेतले. मी घाट उतरू लागलो. निम्म्या घाटात कण्हणे थांबले आणि मी ब्रेकवर पाय ठेवला. "काय झालं?" मी विचारले. मागून बायकोचा दबका आवाज आला, "हळू बोल. डोळा लागलाय तिचा." ती अक्कलकुव्याच्या दवाखान्यापर्यंत झोपून आली. आता काठी टेकत चालते, असा निरोप परवाच आला.

ही हकिकत सांगायला आम्ही ब्राह्मणपुरीला गेलो. काका अंगणात खाटेवर बसले होते. सगळे ऐकून त्यांनी एकच विचारले, "जपी गयी व्हती? घाटमा?"

"हो काका, गाढ झोपली होती," बायको म्हणाली.

काका म्हणाले, "तुन्ही काकूनी मांडी मोडनी व्हती, तवय तिले मी ट्रॅक्टरमा घाली लई गऊ. नंदुरबारलगून रडत गयी ती. पाय बरा व्हई गया, पन मंग ती कोनताच गाडीमा बठनी नहीं. माहेरले बी नहीं गयी."

काकूंना जाऊन खूप वर्षे झाली. त्या हट्टी होत्या, घराबाहेर पडत नसत, एवढेच माझ्या बायकोला लहानपणापासून माहीत होते. खरे कारण काकांनी आजवर कुणाला सांगितले नव्हते, आणि काकूंमागे तेही त्यांच्या माहेरगावी कधी गेले नव्हते.

गेल्या रविवारी आम्ही त्यांना व्हॅनमधून तिकडे नेले. तापीपलीकडचे लहानसे गाव, शेवटचा पट्टा कच्चा. काकूंची म्हातारी भावजय काठी टेकत ओट्यावर आली. एवढ्या वर्षांनी दारात उभ्या राहिलेल्या नणंदेच्या यजमानांना बघून तिने आधी पदर डोळ्यांना लावला, मग पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "रस्ता लई खराब शे. तरास व्हयना व्हई ना?"

काकांनी पाणी घेतले. "नहीं वं," ते म्हणाले, "रस्ता समजनाच नहीं." आणि आलो त्या वाटेकडे त्यांनी एकदा वळून पाहिले.